आपल्याला या परीक्षेत कोणतीही भूमिका नाही

आमच्या परीक्षा विभागात कोणीही दारातून आत येऊन "काका, जरा एवढं..." म्हणायचा अवकाश, की मान वर न करता उत्तर यायचं, "थांबा." पुढचं वाक्य ऐकून घ्यायची तसदी ते घेत नसत. एवढं म्हणजे केवढं, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, हे सगळं नंतर. आधी थांबा. त्यामुळे तोंडावर काका आणि पाठ वळली की थांबाकाका, असं त्यांचं नाव पडलं ते कायमचं.

मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचे. मला राग चटकन येतो आणि तो लपवणं मला जमत नाही. सुरुवातीची काही वर्षं मला हा माणूस अजिबात आवडला नव्हता. आमची खोली तळमजल्यावर, बोळाच्या अगदी शेवटी. खिडकी रंग देताना चिकटली ती पुन्हा कधी उघडली नाही. काकांच्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलावर कीबोर्ड, स्क्रीन आणि बशी झाकलेला पाण्याचा ग्लास. बस्स. माझ्या टेबलावर मात्र एक ना धड भाराभर चिंध्या, आणि त्याकडे ते दिवसातून एकदा तरी दुःखाने बघायचे.

काम काय, तर विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्यापासून सिस्टीममध्ये कोणाला काय करता येईल, ते त्यांच्या हातात होतं. पेपर काढणाऱ्याला पेपर काढता येतो, पण परीक्षेला कोण बसलंय ते दिसत नाही. देखरेखीवर असलेल्याला एखाद्या मुलाचं अडकलेलं लॉगिन सोडवता येतं, पण त्याने काय लिहिलंय ते दिसत नाही. तपासणाऱ्याला उत्तर दिसतं, नाव नाही, नुसता क्रमांक. निकाल लावणाऱ्याला मार्क दिसतात, बदलता येत नाहीत. प्रत्येकाच्या या वाट्याला सिस्टीम 'भूमिका' म्हणते, आम्ही रोल म्हणतो. रोल द्यायचा आणि वेळ झाली की काढायचा, एवढंच काकांचं काम. स्वतः त्यांना ना प्रश्न दिसायचे ना उत्तरं. "मी आचारी नाही आणि वाढपीही नाही," ते म्हणायचे, "मी नुसती स्वयंपाकघराची कडी."

पण ही कडी काही केल्या ढिली पडायची नाही. एकदा एक भारदस्त प्राध्यापक आले. ते बाहेरगावी जाणार होते, तर आपला पासवर्ड सहकाऱ्याला देऊन ठेवला तर काय बिघडलं, असं विचारत होते.

"काही बिघडत नाही," काका म्हणाले. "मग परवाच्या तुमच्या व्याख्यानालाही त्यांनाच उभं करा. तुमचा कोट घालून."

प्राध्यापक तणतणत गेले. वर तक्रार झाली. वरून फोन आला. काकांनी फोनवरही आधी "थांबा" म्हटलं.

या कडकपणामागे एक गोष्ट होती, ती त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली. ते नोकरीला लागले तेव्हा पेपर लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटांत असायचे आणि पाकिटं लोखंडी दाराच्या खोलीत. किल्ली त्यांच्या साहेबांकडे. साहेब भला माणूस. कोणी मागितली की किल्ली द्यायचे. कोण उगाच वर-खाली करणार म्हणून. एका वर्षी पेपर फुटला. किल्ली कोणाकोणाच्या हातून गेली हे कोणालाच सांगता येईना, आणि कागदोपत्री ती एकाच माणसाकडे होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. साहेब छत्री आणि डबा घेऊन बोळातून बाहेर गेले ते काकांनी दारात उभं राहून पाहिलं. "नमस्कार करायचा होता," ते म्हणाले, "पण हात वर गेला नाही." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं झालं होतं. तेव्हापासून मला त्यांचा राग कमी यायला लागला. पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही.

घरी मात्र वेगळाच कारभार होता. मी एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा काकू चहा ओतत म्हणाल्या, "ऑफिसात सगळ्यांना रोल वाटतात ना? इथे यांना एकच रोल आहे. भाजी आणणे. आणि तोही वर्षाच्या कराराने." काका हसले आणि बिस्किटाचा डबा उघडायच्या आधी खरोखरच त्यांनी काकूंकडे एकदा पाहिलं.

अशा माणसाला मित्र किती असणार? एकच, गणिताच्या बाई.

बाई दुसऱ्या मजल्यावर शिकवायच्या. काकांपेक्षा थोड्या मोठ्या, उंच, केस कापलेले, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली आमच्या खोलीत यायच्या. त्या काकांना तोंडावरच 'थांबा' म्हणायच्या. अख्ख्या विद्यापीठात ती मुभा त्यांनाच होती.

"काय थांबा, आज कोणाचं घोडं अडवलंत?"

"दोघांचं."

"फक्त दोघांचं? तब्येत बरी आहे ना?"

मग दोघं भांडायचे. बाईंचं म्हणणं, माणसावर विश्वास ठेवायला हवा. काकांचं म्हणणं, विश्वास ठेवायचाच आहे, फक्त एका वेळी एकाच खोलीपुरता. भांडण रोज तिथूनच सुरू व्हायचं आणि डबे धुवायला उठेपर्यंत चालायचं. बाई आल्या नाहीत तर काका जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचे.

बाईंची पेपर तपासायची तऱ्हा जगावेगळी होती. बाकीचे मार्क टाकून मोकळे होत. बाई प्रत्येक उत्तराखाली त्या मुलाला काहीतरी लिहायच्या. इथे पाय घसरला, इथे वळण छान घेतलंस, ही पायरी गाळलीस ती का. मुलाला निकालाबरोबर ती टिपणं दिसायची. लिहून झालं तरी त्या पक्कं करायच्या नाहीत. सगळं मसुदा म्हणून ठेवायच्या. गठ्ठा संपला की पुन्हा पहिल्या पेपरापासून वाचायच्या आणि मग शेवटी एकदाच सगळं पाठवायच्या. "पहिल्या पोराशी मी खाष्ट असते आणि शेवटच्यापर्यंत दमलेली," त्या म्हणायच्या. "दोघांनाही सारखी बाई मिळायला नको का?"

त्यांच्या नोकरीची शेवटची परीक्षा आणि निवृत्ती, दोन्ही हातात हात घालून आल्या. शेवटच्या आठवड्यात त्या जेवायलाही कमी बोलत होत्या. एकदा पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, "थांबा, या गठ्ठ्यात एक पोर आहे. उत्तर साफ चुकलंय. मार्क मिळणार नाहीत, देताच येणार नाहीत. पण त्या प्रश्नाकडे ते ज्या बाजूने गेलंय, त्या बाजूने गेलेलं मी आजवर कोणी पाहिलं नाही. मीसुद्धा गेले नव्हते. आणि पेपरच्या शेवटी त्याने लिहिलंय, 'मला गणित येत नाही, मी सोडतो आहे, माफ करा.' मी त्याला लांबलचक लिहिलंय. ते त्याला पोचलं पाहिजे."

"पोचेल की," काका म्हणाले. "निकालाबरोबर आपोआप पोचतं."

निवृत्त होणाऱ्याचा रोल शेवटच्या दिवशी ऑफिस सुटायच्या आत काढायचा, हा काकांचा नियम. मुदत वाढवून हवी तर विभागप्रमुखांचं पत्र आणायचं. बाईंनी पत्र आणलं नाही. त्यांना गरजच वाटली नाही, आज संध्याकाळी एक बटण दाबलं की झालं. काकांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, बाई कधी कशाला उशीर करतात का? त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. निरोपाचा समारंभ दुपारी होता आणि तो अर्धवट सोडून खाली यायला लागू नये, पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसता यावं, म्हणून त्यांनी दिवसभराची कामं आधीच उरकून घेतली. त्यात बाईंचा रोल काढणंही आलं.

मी त्यांच्याबरोबरच वर गेले. भाषणं झाली. बाईंना फुलं दिली, एक घड्याळ दिलं. विभागप्रमुख बोलून लगेच गाडी गाठायला निघून गेले. काकांनी टाळ्या इतक्या वाजवल्या की शेजारचे लोक वळून बघायला लागले. मग आम्ही खाली आलो, आणि थोड्याच वेळात बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात तीच फुलं.

"थांबा," त्या म्हणाल्या, "स्क्रीनवर काय येतंय माहीत आहे? आपल्याला या परीक्षेत कोणतीही भूमिका नाही."

काकांनी मान वर केली. "तुम्ही पाठवलं नव्हतं?"

"आता पाठवणार होते. वाचून झालंय सगळं. एक बटण राहिलंय. उघडा."

काकांचा हात कीबोर्डवर गेला. मी समोर होते, मी पाहिलं. गेला आणि तिथेच राहिला.

"पत्र लागेल, बाई. प्रमुखांचं."

"ते गाडीत बसले असतील आता."

"मग उद्या. उद्या पत्र आलं की लगेच देतो."

"थांबा, माझी मुलं आत राहिलीत."

"उद्या, बाई. मी... सगळ्यांना हेच सांगतो."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हो. सगळ्यांना सांगता." फुलं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, चिंध्यांवर, आणि गेल्या.

पुढे काय झालं ते तेव्हा मला इतकंच कळलं, की बाईंनी प्रमुखांना फोन केला आणि प्रमुख मोठ्या मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही आता आराम करा, आम्ही बघतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर पत्र पाठवलं, पण बाईंसाठी नव्हे. नव्याने लागलेल्या एका तरुण प्राध्यापकाला तो गठ्ठा द्यावा म्हणून. पत्र होतं, त्यामुळे रोल द्यावाच लागला. त्याने झपाट्याने मार्क टाकले. टिपण एकही नाही. निकाल लागला. बाई पुन्हा कधी आमच्या खोलीत आल्या नाहीत. काका भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले.

एक सवय मात्र त्यांना नवीन लागली. सकाळी आल्या आल्या ते सिस्टीममधलं कसलं तरी एक पान उघडायचे, जरा वेळ बघायचे आणि बंद करायचे. रोज. मला वाटायचं, असेल त्यांची काहीतरी तपासणी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी मनात म्हणायचे.

काही वर्षं गेली आणि काकांची स्वतःची निवृत्ती आली. त्यांची खुर्ची माझ्याकडे यायची होती, म्हणून ते मला काम शिकवत होते. निवृत्त झालेल्यांचे रोल कसे तपासायचे ते दाखवताना सिस्टीमने वर लाल रंगात सांगितलं, की एका रोलला शेवटची तारीखच नाही. मी त्यावर बोट ठेवलं.

"ते राहू दे," काका म्हणाले.

काकांच्या तोंडून 'राहू दे'! मी खुर्ची ओढून समोर बसले. "कोणाचा आहे?"

बराच वेळ ते ग्लासवरची बशी फिरवत बसले. मग सांगितलं. बाई फुलं ठेवून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ते झाडूवाल्याच्याही आधी ऑफिसला आले होते. आयुष्यात पहिल्यांदा, कोणाचंही पत्र नसताना, त्यांनी एक रोल दिला. बाईंचा. तारीख न घालता. नव्या प्राध्यापकासाठीचं प्रमुखांचं पत्र त्यानंतर आलं. एका गठ्ठ्याला दोन परीक्षक झाले, आणि जो आधी पाठवेल त्याचं धरलं जाणार होतं. बाईंचं सगळं तयार होतं, फक्त एक बटण.

"मग?"

"त्या आल्याच नाहीत. मी रोज बघतो, शेवटचं लॉगिन कधीचं आहे ते. अजून निरोपाचाच दिवस आहे." ते बशीकडेच बघत होते. "राग आहे त्यांचा. बरोबरच आहे."

"पण तुम्ही त्यांना सांगितलं ना, उघडलंय म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? रोल दिला की सिस्टीम मेल पाठवते. पाठवला असं आलंही होतं स्क्रीनवर."

"कुठल्या पत्त्यावर?"

"त्यांच्याच. विद्यापीठाच्या."

पुढे काही बोलावं लागलंच नाही. निवृत्त माणसाचा विद्यापीठाचा मेल त्याच दिवशी बंद होतो. तसं पूर्वी होत नसे. लोकांचे मेल वर्षानुवर्षं चालू राहायचे. एकाच दिवशी रोल आणि मेल दोन्ही बंद करा, नाहीतर एक खिडकी उघडी राहते, अशी सूचना लेखी देऊन, चारदा पाठपुरावा करून ते ज्यांनी करवून घेतलं होतं, ते माझ्यासमोर बसले होते.

बशी त्यांच्या हातून ग्लासवर आपटली. "म्हणजे त्यांना..." ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू येशील का माझ्याबरोबर?" मी गेले. एकट्याने त्यांना जिना चढवला नसता.

बाई धाकट्या बहिणीकडे राहत होत्या. बहिणीने दार उघडलं आणि आत वळून हाक मारली, "ताई, तुझे ऑफिसचे लोक." बाई गॅलरीत एका कुंडीतली माती मोकळी करत होत्या. खूप वाळल्या होत्या. पण आवाज तोच.

"या थांबा," त्या म्हणाल्या. "बसा. हात धुऊन येते."

बसल्यावर काकांनी उगाच प्रस्तावना केली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूसच नव्हता तो. "बाई, तुमचा रोल उघडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून. पत्र न घेता दिला होता मी."

बाईंनी हात पुसायचं थांबवलं. "मला कोण सांगणार होतं?"

"सिस्टीमने मेल..."

"कुठला मेल? मी जिना उतरायच्या आत तो बंद झाला होता."

"हो. ते मला काल कळलं."

"तुमच्याकडे माझा फोन नंबर होता, थांबा."

"होता."

"मग?"

"मला वाटलं, सांगून झालंय."

बाई हसल्या. तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही. "मी वाट पाहिली हो तुमची," त्या म्हणाल्या. "हिला विचारा. मी म्हणायचे, थांबा येईल. नियमावर बोट ठेवून का होईना, पण दारात येऊन उभा राहील. मग म्हटलं, जाऊ दे. एवढ्या वर्षांचे डबे फुकट गेले."

बहीण उठून आत गेली. कपबश्यांचा आवाज आला.

"ती टिपणं आहेत अजून?" बाईंनी विचारलं.

"नाहीत. निकालाला वर्ष झालं की उत्तरपत्रिका, मसुदे, सगळं पुसलं जातं."

"वर्षाने? आणि मग त्यानंतर रोज जाऊन काय राखत होतात तिथे?"

काकांनी मान खाली घातली. "तुम्ही याल म्हणून," ते म्हणाले.

चहा आला. बाईंनी काकांच्या कपात साखर घातली, न विचारता, पूर्वीसारखीच. मला वाटलं, चला, निभावलं. मी अशी घाईने समाधान मानते, ही माझी खोड आहे.

मग बाई म्हणाल्या, "ते पोर."

"त्याचं काय झालं?" काकांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी त्याला लिहिलं होतं, नापास होशील, पण सोडू नकोस. तुझी वाट चुकलेली नाही, अपुरी आहे. मला येऊन भेट. घरचा पत्ता घातला होता खाली, इथला. आठवडाभर दाराची घंटा वाजली की मी उठायचे, उगाचच. त्याला काय पोचलं? एक शून्य."

"नाव काय होतं?" मी विचारलं.

"आम्हाला नाव दिसत नाही ना! क्रमांक दिसतो. यांचाच नियम, आणि चांगला नियम आहे." 'यांचाच' म्हणताना त्यांनी काकांकडे पाहिलंही नाही, इतक्या सहज म्हणाल्या.

काका एकदम पुढे सरकले. "क्रमांक सांगा. क्रमांकावरून नाव मला काढता येतं. तेवढं माझ्या रोलमध्ये आहे."

त्यांच्या डोळ्यांत जी आशा आली होती ती बघून मी खिडकीकडे तोंड केलं. बाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते. बराच वेळ त्या आठवत राहिल्या. मग डोळे उघडले.

"त्याचं गणित अजून जसंच्या तसं मांडून दाखवेन," त्या म्हणाल्या. "क्रमांक नाही आठवत, थांबा."

"नापासांची नावं मिळतील. पण त्या पेपरात पुष्कळ नापास झाले होते."

"आणि त्यातलं सोडून कोण गेलं?"

"तेही पुष्कळ."

बाईंनी मान हलवली. काकांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

परत येताना ते रस्त्याच्या कडेने, भिंतीला लागून चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "नियम सगळे बरोबर होते गं."

"हो काका."

"एकही चुकीचा नव्हता. मी मनात सगळे पुन्हा तपासले."

मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. मी त्यांची पिशवी त्यांच्या हातातून घेतली. एवढंच सुचलं.

त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत ते जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन बाईंकडे जायचे. काय बोलायचे कोण जाणे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "त्या मला ते पोराचं गणित समजावतात. मला कळत नाही. पण मी ऐकतो."

त्यांच्या निरोपाच्या दिवशी समारंभाला बाई आल्या नाहीत. जिने त्यांना झेपत नव्हते. भाषणांत सगळ्यांनी 'थांबा'चे विनोद केले, काकाही हसले. मग आम्ही दोघं खाली खोलीत आलो. सगळ्यात मोठा रोल स्वतःचा स्वतःला काढता येत नाही, तो दुसऱ्याने काढावा लागतो. आता ती दुसरी मी होते.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. ते बाजूला उभे राहिले, इस्त्रीच्या शर्टात.

"आज नको काका," मी म्हटलं. "उद्या सकाळी काढते."

"वेळेवर काढ," ते म्हणाले. "पण आधी बाईंचा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"काढ. दुपारी त्यांच्याकडे जाऊन आलोय. या खेपेला मी तोंडाने सांगून आलोय."

मी बाईंचा रोल काढला. मग त्यांचा काढला. त्यांनी माझ्या टेबलावरच्या स्क्रीनकडे जाऊन एकदा लॉगिन करून पाहिलं, कुलूप लावल्यावर माणूस ओढून बघतो तसं. 'आपल्याला कोणतीही भूमिका नाही' असं आलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, ग्लास धुतला, बशी पुसली आणि दोन्ही पिशवीत घातलं.

ती खुर्ची आता माझी आहे. निवृत्त होणाऱ्याचा रोल शेवटच्या दिवशीच काढते, नियम बदललेला नाही. फक्त काढायच्या आधी जिना चढून त्यांच्या खोलीत जाते आणि विचारते, आत कोणी राहिलंय का? गुडघे कुरकुरतात, लोक मला आता थांबाकाकू म्हणतात. म्हणोत बापडे. त्या पोराला मात्र आजवर कोणी सांगितलेलं नाही, की त्याचं गणित चुकलेलं असलं तरी वाट चुकलेली नव्हती.